आईचा हात, दादाचं नाव

२ मार्च

वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण घरातला एकुलता फोन दादाच्या खिशात असतो आणि मला जे विचारायचंय ते त्याच्या खिशातून जायला नको.

आमच्या हॉटेलच्या दर्शनी हॉलमध्ये एक मोठं चित्र लावलंय. आम्ही खोल्या आवरणाऱ्या बायका, आमची ये-जा मागच्या जिन्यानं. पण तिथले पितळी कठडे पुसणारी मुलगी आजारी पडली, म्हणून सुपरवायझरनं मला खाली पाठवलं. मी मान वर केली आणि फडकं हातातच राहिलं. लाल मातीच्या रंगावर पांढऱ्या बारीक रेषा, लग्नाला निघालेली माणसं, बैल, मुलं, आणि सगळी झाडं एकाच बाजूला कललेली, वारा लागल्यासारखी. वहिनी, अशी झाडं काढणारी बाई जगात एकच आहे. घरात लग्न निघालं की आई भिंत लिंपायची, काडीचं टोक चावून चावून मऊ करायची आणि ओठ मिटून बसायची. मला वाटलं, आईच भिंतीसकट इथं येऊन उभी राहिली.

मग खालची पट्टी वाचली. दादाचं नाव. 'परंपरेने लाभलेली रेषा जपणारे आदिवासी चित्रकार.'

आधी मला हसूच आलं. गोठ्याच्या दाराला खूण करायला सांगितली तर ज्याची रेघ सापासारखी पळायची, तो चित्रकार! मग हसू जिरलं. खरं सांग, हे कधीपासून चाललंय? आईला माहीत आहे का? आणि ती कशी आहे? फोनवर दादा नेहमी 'झोपली आहे' म्हणतो. एवढी झोपायला लागली का ती?

तुझी,
चिमणी


१९ मार्च

चिमणे,

पत्र मिळालं. दुकानवाल्या मावशींनी थेट माझ्या हातात दिलं, यापुढेही त्यांच्याच पत्त्यावर पाठव.

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर ही काही लिहिण्यासारखी गोष्ट नाही. आपल्याकडची चित्रं शहरात नेऊन विकणारी एक संस्था आहे, तिच्या बाई येतात, त्यांच्याशी बोलायला यांना जमतं. मला आणि आईंना चारचौघांत घाम फुटतो. चित्रं आता भिंतीवर कमी आणि कापडावर जास्त निघतात. कापड संस्थेचं, गाडी संस्थेची, बाहेरगावी जायचं तर हेच जातात. मग नावही त्यांचंच लागलं. घरातूनच निघालेली चित्रं आहेत, कुणाच्या नावानं निघाली म्हणून भाताची चव बदलत नाही. छपरावर पत्रे आले, आईंच्या खाटेवर गादी आली. तू लहानपणापासून तडकू आहेस, यावर तडकू नकोस.

आई बऱ्या आहेत. ओट्यावर बसतात, मी काम करते तेव्हा शेजारी असतात, सारख्या सूचना चालू असतात. कालच म्हणाल्या, बैलाला पोट काढ, पोतं नको. तुझी आठवण काढतात. झोप वाढली आहे, वय झालं.

त्या हॉलमध्ये चित्र छान दिसतं का गं? उजेड कुठून येतो? मी ते एवढ्याशा खोलीत जमिनीवर पसरलेलंच पाहिलं आहे, उभं कधी पाहिलं नाही. तेवढं मात्र सविस्तर लिही.

तुझी,
वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

उजेड डावीकडून येतो, उंच काचांतून. सकाळी पांढऱ्या रेषा निळसर दिसतात, दुपारी पिवळट. पाहुणे त्यासमोर उभे राहून फोटो काढतात. बस, लिहिलं सविस्तर. आता माझं ऐक.

तू म्हणतेस तडकू नकोस, पण माझं डोकं फिरलंय. पुढच्या महिन्यात आमच्याच हॉटेलात संस्थेचा समारंभ आहे. दादाचा सत्कार, शाल, मानपत्र, सगळं. खुर्च्यांना पांढरी कापडं चढवायचं काम आमच्याकडे आलं तेव्हा कळलं. म्हणजे आईनं आयुष्यभर गुडघे दुखवून काढायचं आणि हा शाल पांघरून बसणार, आणि त्याच्या खुर्चीला खोळ मी घालणार!

तुला एक सांगते. मी लहान असताना आईजवळ काडी मागितली होती. ती म्हणाली, तू परक्या घरी जाणार, तुझा हात तिथल्या भिंतीला लागणार, मी कशाला शिकवू? जी या घरात येईल तिला शिकवीन. मग तू आलीस आणि तुला शिकवलं. मला त्याचा राग नाही, तू बिचारी तिचे रंग वाटण्यातच दमलीस. पण मी तिचा हात नुसता बघून बघून पाठ केलाय. डोळे बांधले तरी ओळखेन. तो हात दादाच्या नावावर खपवलेला मी सहन करणार नाही.

समारंभात मी बोलणार आहे.

चिमणी


२० एप्रिल

चिमणे,

बोलू नकोस. हात जोडून सांगते.

तू समजतेस तसं हे नाही. जे आहे ते मला लिहिता येत नाही, कारण मी आईंना शब्द दिलाय. तू सुट्टी काढून ये. समोर बस, मी सगळं सांगते, मग तुला जे बोलायचं ते बोल, मी अडवणार नाही. पण आधी ये. एकदा लोकांसमोर तोंडातून गेलेलं मागं घेता येत नाही, आणि तू तिकडे बोलशील पण त्याची धूळ इथं या ओट्यावर उडेल.

मावशींना सांगितलंय, आजच्या गाडीनं पत्र गेलंच पाहिजे.

वहिनी


६ मे

वहिनी,

तुझं पत्र समारंभानंतर मिळालं. आधी मिळालं असतं तरी मी थांबले असते का, माहीत नाही. झालं ते सांगते.

हॉल गच्च भरला होता. मी मागच्या भिंतीशी गणवेशात उभी, हातात ओल्या रुमालांचा ट्रे. दादा नवा कुडता घालून बसला होता. केस तेल लावून चापून बसवलेले. चांगला दिसत होता गं, खोटं कशाला बोलू. संस्थेच्या बाईंनी शाल घातली, मग त्याला बोलायला सांगितलं. म्हणाला, "आमच्या रक्तातच रेषा आहे. मी लहानपणी आईच्या मांडीवर बसून शिकलो." वहिनी, त्या मांडीवर मी बसायचे! हा तेव्हा ओढ्यात खेकडे धरत असायचा.

मग बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "ही चित्रं यानं काढलेली नाहीत. ही माझ्या आईची आहेत. मी याची सख्खी बहीण."

सगळ्या माना वळल्या. आमचा मॅनेजर दारातून धावला. बाई मात्र हसत होत्या, शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला खात्री आहे?" मी म्हटलं, "आईचा हात मी कुठेही ओळखेन. रेष न् रेष तिची आहे. जा, तिला काढायला सांगा, म्हणजे कळेल."

दादानं माझ्याकडे पाहिलं. तसं तो आपल्या गल्लीत शिरलेल्या परक्या कुत्र्याकडे बघतो. मग माइकमध्ये म्हणाला, "माझी धाकटी बहीण. हिचा नवरा गेल्यापासून मन थाऱ्यावर नसतं. माफ करा."

लोकांनी मला माफ केलं, वहिनी. एका बाईनं तर जाताना माझा दंड थोपटला.

पण संस्थेच्या बाई म्हणाल्या, आम्ही नक्की चौकशी करू. त्या तुमच्याकडे येतील. आता आईला न्याय मिळेल. तिच्या हातात काडी द्या आणि गंमत बघा. नोकरीची काळजी करू नकोस, इथं सगळं सुरळीत आहे.

तुला काय सांगायचं होतं? आईला कसला शब्द दिला होतास?

चिमणी


२५ मे

चिमणे,

बाई येऊन गेल्या. आता शब्द पाळण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

तुझा नवरा दवाखान्यात होता, त्या वर्षी आईंची नजर गेली. आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. डॉक्टर म्हणाले नस सुकली, ऑपरेशनचा उपयोग नाही. आईंनी मला शपथ घातली, पोरीला कळवायचं नाही, तिच्या डोक्यावर आधीच आभाळ कोसळलंय. मग तो गेला, तुझं इकडे येणं थांबलं, आणि सांगायची वेळ काही आली नाही. फोनवर तू 'आई, फोटो पाठवलाय तो पाहिलास का' म्हणायचीस आणि त्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. म्हणून 'झोपल्या आहेत'.

तुझ्या हॉटेलातलं चित्र माझं आहे. बैल माझे, माणसं माझी आणि झाडंसुद्धा माझी. आई शेजारी बसून सांगायच्या, मी काढायचे. माझी झाडं कलतात कारण मला दुसऱ्या कुणाचा हात माहीतच नव्हता. रंग वाटण्यात दमले म्हणतेस, ते खरं आहे. आधी वाटून दमते, मग काढून दमते.

आता बाई आल्या तेव्हाचं सांगते. दुपारी जीप आली, बरोबर कॅमेरावाला. बाई चांगल्या बोलल्या, आईंच्या पाया पडल्या. ओट्यावर लाल रंग दिलेलं कापड ताणून लावलं. पांढरा रंग मीच वाटून दिला. बाई म्हणाल्या, "आजी, एक झाड काढून दाखवा. छोटंसं चालेल."

आईंनी काडी उलटी धरली. मी हात सावरायचा म्हणून वाकले आणि काडी फिरवून दिली. त्यांनी डाव्या हातानं कापडाची कड चाचपली. पहिली रेघ बरी आली, हाताला आठवत होतं. दुसरी रेघ कापडाच्या बाहेर, हवेत गेली. तरी त्या काढतच होत्या, चिमणे. हवेत फांद्या काढत होत्या. रंग मांडीवर ठिबकत होता आणि कॅमेरावाला थांबत नव्हता. शेवटी बाईच म्हणाल्या, "पुरे आजी, पुरे."

मग त्यांनी विचारलं, "आजी, मग ही चित्रं कोण काढतं?"

आईंनी तोंड यांच्या दिशेला वळवलं. हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे होते. आई म्हणाल्या, "माझा मुलगा काढतो. लेक घर सोडून गेली, तिला इथलं काय माहीत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि सूनबाई?"

मी म्हणाले, "मी रंग वाटते."

हे माझ्याच तोंडून निघालं. आईंना खोटं पाडायचं तर त्याच क्षणी पाडायला हवं होतं, आणि त्यांच्या मांडीवरचा रंग अजून ओला होता. मला नाही जमलं. बाईंनी मान डोलावली, वहीत काहीतरी टिपलं आणि जाताना यांना म्हणाल्या, "सॉरी हं, आम्हाला खात्री करावीच लागते." आता यांचं नाव पक्कं झालं. आधी निदान शंका घ्यायला जागा होती.

रागावले आहे का? हो, रागावले आहे. यांच्यावर आहेच, तो जुना आहे, त्याची सवय झाली. तुझ्यावरचा नवा आहे. तू एवढ्या माणसांत उभी राहिलीस, नोकरीची पर्वा केली नाहीस, आणि एवढ्या धीरानं कुणाचं नाव घेतलंस? आईंचं. इतकी वर्षं तू या घरात येत होतीस, माझ्या बोटांना रंग बघत होतीस, तुला एकदाही वाटलं नाही की हिचाही हात असेल? रेष न् रेष आईची म्हणालीस. यांनी माझं नाव पुसलं ते पोटासाठी. तू फुकट पुसलंस.

वहिनी


१० जून

वहिनी,

आई आंधळी झाली आणि मला कुणी सांगितलं नाही. 'नजर गेली' ही तुझी ओळ मी परत परत वाचली. मी तिला फोटो पाठवत होते, नव्या साडीचा, नव्या खोलीचा. रंग कसा आहे विचारत होते. आणि ती म्हणायची, छान आहे, तुला खुलतो.

चूक झाली माझी. तुझं नाव मनात आलं नाही, हे खरं आहे. पण वहिनी, मीही थोडं बोलते. तू मला एका ओळीनं कळवलं असतंस तर मी आईकडे बोट केलं नसतं, तुझ्याकडे केलं असतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्यापासून लपवलं आणि मग मी चुकीचं बोलले म्हणून माझ्यावर रागावता. आणि तिथं ओट्यावर बाईंनी तुला तोंडावर विचारलं होतं ना? काडी उचलायला किती वेळ लागला असता? एक झाड काढलं असतंस की सगळं संपलं होतं. आईनं खोटं बोलून दादाला वाचवलं हे मी समजू शकते, तो तिचा मुलगा आहे. तू कुणाला वाचवलंस?

तरी अजून वेळ गेलेली नाही. मी संस्थेत जाते, बाईंना भेटते, सगळं खरं सांगते. तू फक्त तयार राहा. त्या परत आल्या तर गप्प बसू नकोस.

चिमणी


२८ सप्टेंबर

चिमणे,

उशिरा लिहिते आहे. लिहावंसं वाटत नव्हतं.

तू संस्थेत गेली होतीस ते कळलं. तुला दारातच बसवून ठेवलं आणि मग चहा पाजून परत पाठवलं, हेही कळलं. बाईंनी यांना फोन करून सांगितलं, हसत हसत. म्हणाल्या, आधी आईचं नाव घेत होती, आता वहिनीचं घेते, उद्या शेजारणीचं घेईल. आणि तुला समारंभानंतर खोल्यांवरून काढून तळघरात धुलाईला लावलंय, चादरींच्या वाफेत उभी असतेस, हे मला यांच्याकडून कळावं? 'सगळं सुरळीत आहे' लिहिलं होतंस. तूही लपवतेस की. मग आता आपण एकमेकींना बोल नको लावू या.

कुणाला वाचवलंस, विचारतेस. मी त्या दिवसापासून शोधते आहे, मला सापडलेलं नाही.

इकडचं सांगते. संस्थेनं आपल्या वस्तीत बायकांसाठी चित्रकलेचा वर्ग काढला. बाई म्हणाल्या, ही कला फक्त पुरुषांकडे राहिली आहे, बायका मागे पडता कामा नयेत. शिकवायला हे. शाळेच्या व्हरांड्यात दुपारी वर्ग भरायचा, आम्ही सगळ्या सतरंजीवर आणि हे खुर्चीवर. मलाही नाव घालायला लावलं, मास्तरांची बायकोच आली नाही तर बरं दिसत नाही म्हणून. सकाळी घरी मी नमुना काढून द्यायचे, दुपारी हे तो फळ्याला टाचायचे आणि मी बसून त्याची नक्कल करायचे. सगळ्या बायकांना माहीत होतं. आमच्यातली एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसायची. पण बोललं कुणी नाही, सगळ्यांना रोजचं कापड आणि रंग फुकट मिळत होते.

शेवटच्या दिवशी बाई आल्या. प्रत्येकीचं काम पाहत पाहत माझ्यापाशी थांबल्या. खूप वेळ बघितलं त्यांनी. मला वाटलं, आता कळलं बाईंना. तुला खरं सांगते, त्या क्षणी त्यांनी नुसतं विचारलं असतं तरी मी बोलले असते. आई दूर होत्या, हे पाठमोरे होते.

बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. पण सरांची फार छाप पडली आहे. झाडंसुद्धा अगदी त्यांच्यासारखी. स्वतःचं काहीतरी शोधा."

मी हो म्हणाले. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर माझं नाव छापलं आहे, अगदी बरोबर छापलं आहे. खाली लिहिलंय, 'प्राथमिक'.

दुसऱ्या दिवशी यांनी नवं कापड आणलं. मोठ्या प्रदर्शनासाठी हवं होतं. मी म्हणाले, "मी प्राथमिक आहे. मला अजून येत नाही." त्यांना आधी गंमत वाटली. मग ओरडले, मग मनधरणी केली, मग रंगाचं भांडं भिंतीवर आपटलं. आईंनी आतून विचारलं, काय पडलं? मी म्हणाले, काही नाही, मांजर. त्यानंतर मी काडी हातात घेतलेली नाही. आता शाळेच्या वसतिगृहात भांडी घासायला जाते. तिथं निदान घासलेलं भांडं माझंच असतं.

मला वाटलं होतं, मी थांबले की सगळं थांबेल. तुला फुशारकीनं लिहिणारही होते तसं. पण वर्गात मागे बसायची ती शेजारची नवी सून आहे ना, अजून लाजते, पदर सारखा सावरते. ती आता दुपारी आपल्याकडे येते. हे तिला 'संस्थेचं काम' म्हणून घेऊन येतात. तिच्या सासूला आनंद आहे, घरात कापड आलं, रंग आले, चार लोक विचारतात. मुलीचा हात सरळ आहे, माझ्याहून चांगला होईल.

काल मी वसतिगृहातून आले तेव्हा तिनं पहिलं मोठं चित्र पुरं केलं होतं. झाडं, बैल, पाखरं. कोपऱ्यात जागा ठेवली होती. मला बघून उठली आणि विचारलं, "काकी, माझं नाव इथं लिहू का?"

मी दारात उभी होते. बोलायला तोंड उघडलं होतं, आईंची शपथ घेऊन सांगते. तेवढ्यात हे आतून आले, तिच्या हातातली काडी घेतली आणि फार मायेनं म्हणाले, "राहू दे पोरी. ते मी लिहितो."

ती हसली. तिला बरं वाटलं. मी आत जाऊन आईंना पाणी दिलं.

तुझी,
वहिनी